खड्ड्यातला खांब

मामाच्या बारला पाटीवर एक भारदस्त नाव आहे, पण सगळे त्याला ‘खड्डा’च म्हणतात. तळघराचा जिना उतरताना कपाळ तुळईवर आपटलं की पोहोचलो समजायचं.

खड्ड्यात पहिल्यांदा वाजवणाऱ्या प्रत्येक बँडने अंड्यांचा रिकामा ट्रे आणून, त्यावर आपलं नाव लिहून तो भिंतीला चिकटवायचा, असा रिवाज आहे. त्याने आवाज बाहेर जात नाही, अशी मामाची समजूत. देवळाची पायरी न चढलेला हा माणूस पुठ्ठ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा. बँड बहुतेक फुटले. ट्रे टिकून आहेत.

मग वर दातांचा दवाखाना आला. दाढेत सुई घालताना खालून ढोल वाजला की हात हलतो, अशी डॉक्टरांनी तक्रार केली. तपासनीस मीटर घेऊन येणार होता. दवाखान्यात आवाज मर्यादेबाहेर गेला की खड्ड्याला कायमचं टाळं. मामाने यावर आणखी ट्रे मागवले. आठवडाभर आम्ही नुसती आमलेटं खाल्ली.

मी नुकतीच भौतिकशास्त्र शिकून घरी बसले होते. ट्रेमुळे खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, आवाज अडत नाही, असं मी मामाला सांगितलं.

“मग इतकी वर्षं आम्ही काय अंडी उबवत होतो?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खाली ड्रम वाजवायला लावून मी चूळ भरायचा ग्लास पाण्याने भरला आणि दवाखानाभर फिरवला. खिडकीशी पाणी शांत. कोपऱ्यातल्या खांबाशी ठेवला की प्रत्येक ठोक्याला तरंग. तोच खांब खाली स्टेजमधून जातो, आणि मोठा ड्रम लोखंडी पट्टीने त्यालाच जखडलेला होता. म्हणजे मामा इतकी वर्षं थेट इमारतच वाजवत होता.

पट्टी कुणी ठोकली, विचारल्यावर मामा ग्लास पुसायला लागला. कोरडाच होता तो. उत्तर मामीने दिलं. पहिल्या बँडचा ड्रमर ‘भूकंप’ इतका जोरात लाथ मारायचा की ड्रम सरकत सरकत प्रेक्षकांत यायचा. एकदा तो पुढच्या टेबलावरच्या मुलीच्या गुडघ्यांना लागला. ती उठली, ड्रमला पाठ लावून बसली आणि बिअर संपवली. पुढे दर शनिवारी तिची तीच जागा. ती मुलगी म्हणजे मामी. लग्न झाल्यावर, माझी बायको दाराच्या अडसरासारखी बसणार नाही, म्हणत मामाने पट्टी ठोकली.

आम्ही पट्टी काढली, स्टेजखाली स्कूटरचे जुने टायर घातले. वरचं पाणी शांत झालं. पण ड्रम पुन्हा पुढे सरकू लागला. मी गालिचा टाकला, तर गालिच्यासकट.

तपासनिसाने सगळ्यात मोठा आवाज करणारा माणूस आणा, म्हणून बजावलं; मधेच थांबलात तर लबाडी समजून नापास करीन, हेही. त्यामुळे भूकंपलाच बोलावलं. आता तो विमा विकतो, पण पाय तसाच.

तपासनीस वर गेला. भूकंप सुरू झाला. गाणं अर्ध्यावर येईपर्यंत ड्रम स्टेजच्या कडेला पोहोचला. मामा धावला, वाकला आणि कंबर धरून तसाच राहिला. भूकंपने डोळे मिटले होते. त्याला ड्रम खाली पडल्यावरच कळलं असतं.

मामी काउंटरमागून बाहेर आली. “सरक,” ती मामाला म्हणाली, आणि पाय लांब सोडून ड्रमला पाठ लावून बसली. ठोक्यागणिक तिचा अंबाडा सुटत गेला. ड्रम जागचा हलला नाही. मी तिच्या हातात बिअर दिली, कारण दुसरं काही सुचेना.

तपासनीस खाली आला. मीटर मर्यादेत होतं. वर दाढ कोरायचं यंत्रच जास्त ओरडतं, अशी त्याने नोंद केली. मग त्याने विचारलं, “या बाई इथे का बसल्यात?”

“मालकीण आहे,” मामा म्हणाला.

तो गेल्यावर मामाने मामीला उठवायला हात पुढे केला. पाठ दुखली असेल, उद्या दुसरं काहीतरी ठोकून बघतो, असं पुटपुटला.

“तेव्हाही मी उठव म्हटलं नव्हतं,” मामी म्हणाली. मग मान मागे वळवून भूकंपला म्हणाली, “थांबलास का रे?”