मूळ रंग

आई वारल्याला सात वर्षं झाली, तेव्हा द्वारकाला कळलं की आई धाकट्या कुमुदकडे चिपळूणला राहते.

कळलं ते एका पैशावरून. आईने जाताना तांब्याचे चाळीस जुने ढब्बू पैसे दोघी मुलींना निम्मे निम्मे दिले होते. द्वारकाने आपले वीस कराडला देवघरात ठेवले आणि दर सणाला चिंच-मीठ लावून घासले. घासल्यावर ते घटकाभर गुलाबी दिसत, मग आधीपेक्षा जास्त काळे पडत. या दिवाळीत कुमुद आली, आणि तिच्या पिशवीतून एक पैसा घरंगळला. टाकसाळीतून आत्ताच पडल्यासारखा लालभडक. चिपळूणच्या दमट हवेत असं तांबं कुणी पाहिलं नव्हतं. द्वारका उचलायला वाकली, तर कुमुदने तो झटकन रुमालात गुंडाळला. त्या रुमालाला आईच्या माक्याच्या तेलाचा वास होता. ताजा.

पुढच्याच सोमवारी द्वारका सकाळच्या एसटीने चिपळूणला गेली.

"पैसे बघायचेत," ती दारातच म्हणाली.

"मागच्या खोलीत आहेत," कुमुद म्हणाली. "बघ. पण हात लावू नकोस. कशालाच."

मागच्या खोलीत आई पाटावर बसली होती. समोर पांढऱ्या कापडावर पैसे मांडलेले, आणि जो पैशांचा रंग तोच आईचा. कपाळ, गाल, कोपरापर्यंतचे हात, सगळं कोऱ्या तांब्यासारखं. केस काळेभोर. इतकी तरुण आई द्वारकाने फक्त फोटोत पाहिली होती.

"कोण आलंय गं, कुमू?"

"ताई आलीय."

"कुठली ताई?"

द्वारका कुमुदकडे वळली. "सात वर्षं," ती बहिणीला म्हणाली. "सात वर्षं हिला एकटीने ठेवून घेतलीस. मला साधा फोन नाही."

"तू तिला घासली असतीस."

"दोन वर्षं अंथरुणावर होती ती. अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं, भरवणं, सगळं मी केलं. तू उंबऱ्यातून बघून परत जायचीस. हात तरी लावलास कधी तिला?"

"नाही लावला," कुमुद म्हणाली. "म्हणूनच माझी अशी राहिली."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, आणि द्वारकाला तेच झोंबलं. तेवढ्यात आई म्हणाली, "कुमू, तुझ्यासाठी साय काढून ठेवलीय." फडताळात वाटी होती. एकच.

द्वारका आईपुढे बसली आणि तिने आईच्या गालावर हात ठेवला.

गालावर पाच तपकिरी बोटं उमटली. आई खोकली. शेवटच्या दोन वर्षांतला तोच कोरडा खोकला. मग तिने नीट निरखून पाहिलं.

"द्वारके," ती म्हणाली, "किती वाळलीस गं."

"ताई, हात काढ!" कुमुद दारातून ओरडली. "एकदा गेला की तो रंग परत येत नाही!"

द्वारकाला ते चांगलं माहीत होतं. तिने दुसरा हात आईच्या कपाळावर ठेवला. तपकिरी रंग हनुवटीवरून गळ्यावर उतरला. केस मुळापासून पांढरे होत गेले. कापडावरचे पैसे काठांनी काळवंडले. आईचा श्वास घरघरायला लागला, पण नजर द्वारकावरच होती, आणि द्वारकाला कितीतरी वर्षांनी बरं वाटलं.

"आई," कुमुदने हाक मारली.

आईने मान वळवली. "ही कोण गं?" तिने द्वारकाला विचारलं.

कुमुद धावत आत आली. आईचा डावा हात तेवढा कोपराखाली अजून लाल होता. तो धरायला कुमुदने दोन्ही हात पुढे केले, आणि बोटं वीतभर अंतरावर तशीच थांबली.