पाववाल्याच्या घरची भूक

दुपारी गिऱ्हाईक ओसरले की पाववाले दुकानाचे शटर अर्धे खाली ओढत, हाताचा मैदा झटकत आणि वर जेवायला जात. खाली दुकान आणि भट्टी, वर दोन खोल्या, मधे अरुंद लाकडी जिना. त्या दिवशीही सगळे नेहमीसारखेच होते. पाववालिणीने, म्हणजे मुलींच्या आईने, टेबलावर भात, उकडलेल्या भाज्या, अंडी आणि पावाची टोपली मांडली. पाववाल्यांच्या ताटात तिने न विचारता भरपूर वाढले. मग धाकट्या मुलीचे ताट स्वतःकडे ओढून त्यात मूठभर भात आणि भाजीच्या काही फोडी ठेवल्या.

"पुरे," ती म्हणाली.

हा शब्द जेवणाऱ्याने म्हणायचा असतो. या घरात तो वाढणारी म्हणत असे.

धाकटीने मान खाली घालून घास घेतला. टोपली तिच्यापासून दूर, वडिलांच्या कोपराशी होती. चौथी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. तिच्यावर कोणी बसत नसे आणि तिच्याविषयी कोणी बोलतही नसे.

जेवण चालू असताना जिना वाजला. कोणीतरी वर येत आहे, मध्यावर थांबले आहे, दम खात आहे, असा तो आवाज होता. तिघांचेही हात क्षणभर थांबले. "लाकूड आहे, तापलं की वाजतं," पाववाले म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले. थोरली गेल्यापासून ते हे वाक्य इतक्या वेळा बोलले होते की त्यांना स्वतःलाही ते खरे वाटत नव्हते.

थोरली ही या घरची मोठी मुलगी. लहानपणी ती भट्टीतून निघालेला पाव थंड होईपर्यंत कधी थांबली नाही. बोटे भाजायची, जीभ भाजायची, तरी हसत खायची. तिच्या हसण्याचा आवाज रस्त्याच्या टोकाला ऐकू जाई. पण ती मोठी झाली तशी आईने तिच्या ताटावर नजर ठेवायला सुरुवात केली. आईला वाढवले होते तेही असेच. तिची आई येता-जाता तिच्या दंडाचा चिमटा घेऊन मांस वाढले का ते पाही. त्याला कोणी जाच म्हणत नसे. मुलीच्या भल्याची काळजी म्हणत. सगळ्या गल्लीत असेच चाले. मुलग्याच्या ताटात पडेल ते अंगी लागो, आणि मुलीच्या ताटात पडेल ते अंगावर न दिसो, अशी सगळ्यांची इच्छा.

"पाववाल्याच्या पोरी आणि हवेवर जगतात की काय!" गिऱ्हाईक हसून म्हणत. आईला ती शाबासकी वाटे. ती ऐकताना तिचा चेहरा फुलून येई.

थोरलीचे लग्न ठरले तेव्हा होणाऱ्या सासूने फोटो पाहून एवढेच म्हटले होते, "गोड आहे हो. जरा भरलेली दिसते, पण होईल कमी." ती बाई हे बोलून दुसऱ्या दिवशी विसरलीही असेल. थोरली विसरली नाही. आईने लग्नाचा पांढरा झगा मुद्दाम घट्ट घेतला. "लग्नापर्यंत जरा तोंड सांभाळ, बस्स. मग आयुष्यभर खा हवं ते."

थोरलीने तोंड सांभाळले. सगळ्यांनी तिचे कौतुक केले. गिऱ्हाइकांनी केले, शेजारणींनी केले, मावशीने तर कडकडून मिठी मारली. कौतुकानेच तिचे पोट भरत असावे. ती आपल्या हाताने सगळ्यांना वाढायची, आग्रह करकरून खायला घालायची, आणि समोर उभी राहून लोकांच्या तोंडाकडे बघत राहायची. तिचे केस गळू लागले. धगधगत्या भट्टीजवळ उभी असतानाही ती अंगात स्वेटर घालू लागली. पाववाल्यांनी ते पाहिले. एकदा त्यांनी तिच्या हातात गरम पाव ठेवला. तिने तो छातीशी धरला, हुंगला, आणि ट्रेमध्ये परत ठेवला. "मग खाते, बाबा." त्यांनी पुन्हा विचारले नाही.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात ती जिन्याच्या मध्यावर कोसळली. इस्पितळात डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "शरीरात काही उरलंच नव्हतं. उपासमारीनं हृदय थांबलं." आईने ते ऐकले, पाववाल्यांनीही ऐकले. घरी आल्यावर लोकांनी विचारले तेव्हा आई म्हणाली, "हृदय जन्मापासूनच नाजूक होतं तिचं." पाववाले शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली. त्यानंतर या विषयावर दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

धाकटीला मात्र बहीण घरात असल्यासारखी जाणवे.

धाकटी दिवसभर काउंटरवर बसे आणि दुसऱ्यांच्या पिशव्यांत पाव भरे. भुकेने डोळ्यांपुढे अंधारी आली की पाणी पिई. पण अधूनमधून, दुपारी शटर खाली असताना, ती मागच्या कोठीत मैद्याच्या पोत्यांमागे जाऊन बसे. कालचे उरलेले पाव तिथे असत. मग तिला थांबता येत नसे. चव न घेता, धड न चावता, दोन्ही हातांनी ती पाव तोंडात कोंबत राही आणि रडत राही. अशा वेळी कोठीच्या दाराशी ताई उभी आहे, असे तिला पक्के वाटे. ताईच्या अंगात स्वेटर, नजर धाकटीच्या तोंडावर. ती रागावत नसे. नुसती बघत राही, उपाशी माणूस बघतो तशी. धाकटीचा घास तिथेच अडके. मग पुढचे दोन दिवस ती स्वतःला शिक्षा म्हणून काही खात नसे.

एके दिवशी मावशी स्थळ घेऊन आली. "मुलगा चांगला आहे, स्वतःचं दुकान आहे. घरची माणसं हौशी. पण हिच्याकडे बघ जरा. गाल भरलेत."

"होईल, अक्का. मी आहे ना," आई म्हणाली.

मावशी गेल्यावर आईने कपाटाच्या वरच्या खणातून थोरलीचा झगा काढला. विकायचा म्हणून कोणाला दाखवला नव्हता आणि टाकून द्यायचाही धीर झाला नव्हता. "बघू, होतो का."

"आई, तो ताईचा आहे."

"नवाच आहे. अंगाला कुठे लागलाय?"

धाकटीने झगा चढवला. कापड थंडगार होते. आईने मागून चेन वर ओढली. ती कमरेशी अडली. आईने पुन्हा जोर लावला. धाकटीचा श्वास कोंडला. "पोट आत घे," आई म्हणाली, आणि समोर आरशात नजर जाताच तिने चेन सोडली. आरशात क्षणभर थोरली उभी होती. तेच खांदे, तीच खाली घातलेली मान.

"मी घेतला तेव्हा एवढा घट्ट नव्हता," आई पुटपुटली. तिने झगा उतरवून घेतला, उलटा केला आणि खिडकीशी नेला. कमरेच्या आतल्या बाजूला झग्याच्या मूळ शिवणीच्या आत आणखी एक शिवण होती. हाताने घातलेली, बारीक, नेटकी. तिच्याही आत आणखी एक.

तो टाका आईने लगेच ओळखला. थोरलीला शिवायला तिनेच शिकवले होते.

झगा थोरलीला केव्हाच व्हायला लागला होता. तो सैल झाला होता. कोणाला न सांगता तिने तो आत घेतला, मग पुन्हा आत घेतला. म्हणजे ती झग्यासाठी उपाशी राहिली नव्हती, निदान शेवटी शेवटी तरी नाही. उपाशी राहणे थांबवायचे कसे, हेच तिला उमगत नव्हते.

"झाला होता ना तिला," आई म्हणाली. तिचा आवाज परक्यासारखा येत होता. "बसला होता. मग ती थांबली का नाही?"

"तिला कोणी थांब म्हणालं?" धाकटी म्हणाली. इतक्या दिवसांत प्रथमच तिचा आवाज चढला होता. "तू ताटावर पुरे म्हणायचीस, आई. ती वाळत चालली होती, तेव्हा नाही म्हणालीस कधी. सगळे वा वा करत होते. मीही केली. आणि मलाही थांबता येत नाहीये, कळतंय का तुला? मी पोत्यांमागे चोरून खाते आणि ताई दारात उभी राहून बघते!"

आई तिथेच खिडकीशी बसली. झगा तिच्या मांडीवर तसाच उलटा पडून राहिला.

एवढे होऊनही आईने मुलाकडच्यांना नकार कळवला नाही. सवयीने हाडापर्यंत मूळ धरले होते. ठरल्या दिवशी ती माणसे आली. केक, बिस्किटे, फळे मांडली गेली. मुलाची आई बोलायला मोकळी, मनाची वाईट मुळीच नव्हती. तिने धाकटीला जवळ बसवून घेतले, पाठीवरून हात फिरवला आणि हसत म्हणाली, "मोकळेपणानं बोलते हं. जरा कमी झाली तर चित्रासारखी दिसेल. लग्नापर्यंत होईलच." मग आवाज उतरवून तिने विचारले, "थोरलीचं ऐकलं आम्ही. हृदय नाजूक होतं ना?"

मावशीने पटकन मान डोलावली. पाववाल्यांनी नजर जमिनीकडे वळवली. आईच्या हातात केकची बशी होती. ती तिने खाली ठेवली.

"नाही," आई म्हणाली. "तिचं हृदय चांगलं होतं. ती भुकेनं मेली."

"अगं!" मावशी ओरडली. "काय बोलतेस? पाहुणे आहेत!"

"खाली भट्टी पेटलेली होती, अक्का. सगळं गाव आमच्याकडून पाव नेत होतं, आणि माझी पोर उपाशी मेली. मी मारली. एकटीनं नाही, पण पहिला हात माझा होता." ती मुलाच्या आईकडे वळली. "तुमच्यावर राग नाही. तुम्ही बोललात तेच मी आयुष्यभर बोलत आले. पण ही कमी होणार नाही. आहे तशी चालत असेल तर बोला, नाहीतर केक खा आणि सुखानं घरी जा."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. केकला कोणी हात लावला नाही. माणसे उठून जिना उतरून गेली. मावशीही त्यांची समजूत काढायला मागोमाग धावली. खोलीत तिघेच उरले. पाववाल्यांच्या खांद्यांना हुंदक्यांनी गचके बसत होते. "मी बघितलं होतं," ते म्हणत राहिले. "भट्टीपाशी तिला थंडी वाजत होती. मी बघितलं होतं."

पुढच्या आठवड्यात आई धाकटीला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.

"भूक लागली की तुला काय होतं?" बाईंनी विचारले.

धाकटी म्हणाली, "भीती वाटते."

"आणि पोट भरलं हे कशावरून कळतं?"

"ते नाही कळत. आई सांगते."

बाईंनी पथ्याचा कागद दिला नाही. त्या म्हणाल्या, सध्या वेळच्या वेळी सगळ्यांबरोबर जेवायचे, कारण भुकेची हाक ऐकू येणेच बंद झाले आहे. ती हळूहळू ऐकू येईल. मग भूक लागली की खायचे, चव घेत खायचे, पोट नको म्हणाले की थांबायचे. कुठलाही पदार्थ पाप नाही. वजनाचा काटा घरातून काढून टाकायचा. "सोपं वाटतंय ना? तान्ह्या मुलाला येतं हे. आपणच ते विसरायला लावतो." मग त्यांनी आईकडे पाहिले. "तुम्हाला काय आवडतं खायला?"

आईने तोंड उघडले. पन्नाशी उलटली तरी स्वतःला काय आवडते ते तिला आठवेना. सगळ्यांना काय आवडते ते तिला तोंडपाठ होते.

बरे होणे सरळ रेषेत झाले नाही. आईने पावाची टोपली टेबलाच्या मधोमध ठेवली, तर पहिले कित्येक दिवस धाकटीचा हात तिच्यातून निघेना. आईच्या जिभेच्या टोकावर 'पुरे' येई. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राही आणि दुसरे काहीतरी बोले. कधी धाकटी पुन्हा कोठीत सापडे. मग आई तिथेच पोत्याला टेकून बसे आणि काही न बोलता तिच्याबरोबर तोच शिळा पाव खाई. एकदा अर्धा पाव खाल्ल्यावर धाकटीचा हात आपोआप थांबला. "बास वाटतंय," ती आश्चर्याने म्हणाली. हा शब्द तिच्या स्वतःच्या पोटातून आला होता. आईने तोंड फिरवून डोळे पुसले.

जिना अजूनही वाजतो. लाकूड तापले असे आता कोणी म्हणत नाही. जिना वाजला की पाववाले थोरलीचे नाव घेतात, आणि जेवताना तिच्याविषयी काहीतरी बोलतात.

आई आता संध्याकाळी काउंटरवर बसते. परवा एक ओळखीची बाई आली, बरोबर सोळा-सतरा वर्षांची मुलगी. बाईने घरच्यासाठी पाव बांधून घेतले. मुलगी ताज्या बनच्या ट्रेकडे बघत होती. मनगटे काडीसारखी, आणि भर उन्हाळ्यात बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"हिला काही देऊ नका हं," बाई हसून म्हणाली. "मोठ्या मुश्किलीनं ताब्यात आणलीय. बघा ना, किती छान दिसायला लागली!"

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. काउंटरचे फळकूट वर करून ती बाहेर आली आणि मुलीसमोर उभी राहिली.

"भूक लागलीय का गं तुला?"

मुलगी दचकली. तिने उत्तरासाठी आपल्या आईच्या तोंडाकडे पाहिले.

"छे, आत्ताच तर खाऊन..." बाई बोलू लागली.

मागे गिऱ्हाइके ताटकळली होती. कोणीतरी घसा खाकरला. पाववालीण जागची हलली नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "मी तिला विचारलंय."