आधी पेटी, मग पलंग

मी शवपेटी बोलतेय. अहो, थांबा, पळू नका! उभ्या जन्मात एकही मेलेला माणूस मी आत घेतलेला नाही. आज पहिलाच, आणि तोही घरचा. झाकण लागायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात सांगून घेते.

माझा धनी सुतार. नवराबायको समुद्र ओलांडून या मुलखात पोट भरायला आले. वाटेत वादळ झालं. जहाज उलटायची वेळ आली तेव्हा यानं गुडघे टेकून शब्द दिला, "प्रभू, किनाऱ्याला लाव. याच जहाजाच्या फळ्यांत निजून तुझ्याकडे येईन." जहाज लागलं आणि मोडीत निघालं. फळ्या खांद्यावरून घरी आल्या, आणि घरात सगळ्यात आधी मी झाले.

बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. "पलंग नाही, टेबल नाही, आणि हे काय?"

"तयारी."

"कसली?"

"जायची."

"अहो, आत्ताच तर आलोय!"

गफलत तिथेच झाली. सुतार कसलेला, पण प्रवासभर ओकून ओकून काडी झालेला. माप घेतलं ते त्या काडीचं.

पण मी रिकामी थोडीच राहिले! माझ्यात पांघरुणं आली. लेक झाली, ती पांघरुणांवर झोपायची. एका पाहुणीनं विचारलं, "केवढा लांब पाळणा! कुठून आणलात?" बायको म्हणाली, "घरीच केलाय, यांच्या मापाचा." पाहुणी चहा अर्धा टाकून गेली.

रोज पहाटे धनी झाकणावर कोपरं टेकून प्रार्थना करायचा. कोपरांनी दोन खळगे पडले. गल्लीत कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाची सून रुसलीय, कुणाची म्हैस आटलीय, तो एकेकाचं नाव घेऊन देवाच्या कानावर घालायचा. मला बसल्या जागी सगळ्या बातम्या! एखाद्या दिवशी घाईत आटोपलं तर मला दिवसभर चैन पडायची नाही.

मग त्यानं जहाजाच्या उरलेल्या फळ्यांचं टेबल केलं, चांगलं लांबरुंद. नव्यानं बोटीतून उतरलेला जो कोणी भेटेल, तो त्या टेबलाशी जेवायला. आणि पाहुण्याला संकोच नको म्हणून धनी त्याच्या बरोबरीनं जेवायचा. तीन पाहुणे आले तर तिघांच्याही बरोबरीनं.

दर वाढदिवसाला माझ्यात निजून बघायची त्याची पद्धत. एका वर्षी असा अडकला की हलेना. बाहेर चर्चला जाणारी मंडळी खोळंबलेली.

"अगं, ओढ!"

"ओढतेय! देवाचा धावा करू का?"

"आधी शेजाऱ्याला हाक मार, तो जवळ आहे."

त्यानंतर माप बघणं बंद झालं. जेवण नाही.

परवा सगळे टेबलाशी बसले. धन्यानं प्रार्थनेला मान खाली घातली, ती वर केलीच नाही. त्याची प्रार्थना लांबायचीच, म्हणून सगळे निवत चाललेल्या ताटांपुढे गप्प बसून राहिले. शेवटी बायकोच म्हणाली, "आमेन."

आज बघतात तर धनी माझ्यात मावेना. पाळकसाहेब म्हणाले, "दुसरी पेटी आणू. देव समजून घेईल."

"देव घेईल हो," बायको म्हणाली. "हे नाही घेणार. दिलेला शब्द आहे. मी वर गेले की पहिलं हेच काढतील."

लेक आता बापासारखीच सुतार. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"आई, बाबा ज्याच्यापायी फुगले, तेच कापू या?"

आई खुदकन हसली, मग पदर डोळ्यांना लावून आणखी हसली. पाळकसाहेबांनीच करवतीखाली टेबल धरलं. दोन्ही बाजूंनी फळ्या जोडल्या आणि माझी छाती रुंद झाली! धनी ऐसपैस निजलाय.

माझ्यातली पांघरुणं बाहेर निघाली होती. त्यातलं एक बायकोनं परत आत ठेवलं.

"तिकडे याची गरज नाही, बाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"यांचे पाय गार पडतात."

आता झाकण लागलं. वर कुणीतरी कोपरं टेकलीत, नेमके त्या खळग्यांत. कोपरं लहान आहेत, खळगे भरत नाहीत. मंडळी, एवढंच ऐका माझं. आमेन म्हणायची घाई करू नका. लेकीला सावकाश, एकेकाचं नाव घेऊन सगळं सांगू द्या. आत आम्ही दोघं ऐकतोय.