बांगडा कुणाला हवा?

१९८६ साली आमच्या अंधेरीच्या शाळेत दोन कॉम्प्युटर आले, तेव्हा चित्रकलेच्या वर्गातले बाक हलवून त्यांना जागा केली होती. चपला दाराबाहेर काढायच्या आणि हात धुऊन आत जायचं. आपटेबाई आम्हाला गणित शिकवायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत त्या प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. कुठे अडलं की सरळ म्हणायच्या, मला माहीत नाही, बघू या. शाळेत असं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. माझी आय बाजारात मासळी घेऊन बसायची. नववीतून कॉम्प्युटरच्या तासासाठी निवडलेल्या मुलांत आमच्या कोळीवाड्यातली मी एकटीच, हे ती गिऱ्हाइकांनाही सांगायची.

एका सोमवारी मी वर्गात शिरले तर सगळी मुलं एका पडद्याभोवती जमून हसत होती. मला बघून गप्प झाली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न होता: अंगाला मासळीचा वास कुणाच्या? कुठलंही बटण दाबलं की खाली नाव उमटायचं, मालन. मी एक बटण दाबलं. मग दुसरं दाबून बघितलं. पुन्हा माझंच नाव.

दप्तर उचलून मी निघाले, तर दारातच बाई. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. हे कुणी केलं म्हणून विचारल्यावर श्यामसुंदर उभा राहिला. कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांत हुशार तोच. म्हणाला, गंमत होती, आणि नाव काही मी घेतलं नाही, कॉम्प्युटर घेतोय.

"कॉम्प्युटर कुणाचं नाव घेत नसतो," बाई म्हणाल्या. "तू त्याच्याकडून वदवून घेतलंस. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्याच्याआड लपलास."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी श्यामला खुर्चीत बसवलं. प्रोग्राम राहू दे म्हणाल्या, फक्त पहिल्या ओळीत, हे लिहिलं कुणी, ते घाल. श्याम बटणांवर बोटं ठेवून नुसताच बसला. त्याचे कान लाल झाले होते. शेवटी हळूच म्हणाला, "नको बाई, मी पुसून टाकतो."

"ते मालन ठरवेल."

मला खरं तर घरी जायचं होतं. पण बाईंनी प्रोग्रामच्या ओळी पडद्यावर आणल्या आणि मी तिथेच थांबले. ज्याच्यामुळे मी दप्तर उचललं ते जेमतेम पाच-सहा ओळींचं होतं, आणि मला ते वाचता येत होतं. मी पुसलं नाही. प्रश्न बदलून लिहिलं, तळलेला बांगडा कुणाला हवा? आणि जो आपलं नाव टाइप करेल, त्याचंच नाव उमटावं असं करायला घेतलं. ते काही केल्या जमेना.

"नावापुढे डॉलरचं चिन्ह राहिलंय," माझ्याकडे न बघता श्याम म्हणाला.

आकड्याऐवजी अक्षरं घ्यायची असली की ते लागायचं. चिन्ह घातलं आणि प्रोग्राम चालला. मुलं एकेक करून नावं टाइप करायला लागली. श्याम सगळ्यांच्या शेवटी आला, आपलं लांबलचक नाव एकेका अक्षरानं टाइप केलं आणि म्हणाला, "चुकलो यार, मालन."

मी मान हलवली.

मुलांनी बांगडे मागितलेत, एवढंच मी आयला सांगितलं. बुधवारी तिनं मोठा डबा भरून दिला. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून आम्ही तो फस्त केला. शाकाहारी बाई जरा बाजूला आपली पोळीभाजी खात बसल्या होत्या. काटे नीट काढून खा, असं मात्र सारखं बजावत होत्या.

दहावीत अभ्यास वाढला आणि तो तास बंद झाला. बाई यजमानांच्या बदलीमुळे नाशिकला गेल्या. पण नववीच्या उरलेल्या महिन्यांत श्याम आणि मी एकाच मशीनवर बसायचो, भांडत, एकमेकांच्या चुका काढत. शाळा सुटली तरी उठायचो नाही. बाहेर मैदानावर कबड्डी रंगलेली असायची, आणि शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभे राहायचे. आणखी एकच ओळ, असं म्हणून आम्ही त्यांना थांबवून ठेवायचो.