अंगठा दिला म्हणजे लेकरू दिलं?

पोस्टमन पाकीट देऊन गेला तेव्हा मंजुळाबाई अंगणात हळकुंडं निवडत बसली होती. पाकिटावर परदेशाचं तिकीट होतं आणि नाव होतं नातीचं. कुरुंद्यातल्या नऊ वर्षांच्या पोरीला परदेशातून पत्र! मंजुळाबाईने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि शेजारच्या प्रियंकाला हाक मारली.

प्रियंका त्या घरची बारावी शिकलेली सून. पत्र इंग्रजीत होतं. तिने मोबाईल कागदावर धरला आणि मोबाईलने जे मराठी दाखवलं, ते मोठ्याने वाचलं.

"माझ्या प्रिय मुली, मी लवकरच तुझ्यासाठी येत आहे. शेवटी आपण दोघी एकत्र असू."

पाकिटातून एक फोटो निघाला. पांढऱ्या केसांची, हसऱ्या तोंडाची गोरी बाई. खाली नाव होतं, मार्था.

मंजुळाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय झालं काकू?" प्रियंकाने विचारलं.

"काय न्हाई," मंजुळाबाई म्हणाली आणि फोटो पदराखाली लपवला.

पुजा ही मंजुळाबाईच्या लेकीची लेक. लेक साधना बाळंतपणात गेली, जावयाने दुसरा संसार मांडला, आणि चार दिवसांची पुजा आजीच्या कुशीत आली ती आलीच. पोरीला कमी ऐकू यायचं. शाळेत ती मागे बसायची आणि सगळे हसले की आपणही हसायची. चार महिन्यांपूर्वी अंगणवाडीच्या आशाबाईंनी एका संस्थेच्या माणसाला घरी आणलं. अनिरुद्ध त्याचं नाव. त्याने पुजाच्या कानात मशीन बसवलं आणि एक कागद पुढे केला.

"करा काकू अंगठा, चांगलंच हाय," आशाबाई म्हणाल्या. मंजुळाबाईने अंगठा केला. कागदाची घडी घालता घालता अनिरुद्ध आनंदाने म्हणाला, "झालं! पुजाला दत्तक पालक मिळाले."

त्यातला एकच शब्द मंजुळाबाईच्या मनात रुतून बसला. दत्तक.

म्हणजे काय हो, असं तिने विचारलं का नाही? वाचकहो, कधी एखाद्या कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहून पाहा. जो विचारतो त्याला अडाणी म्हणतात, आणि जो गुमान अंगठा करतो त्याचं काम लवकर होतं. मंजुळाबाई साठ वर्षं हेच शिकत आली होती. शिवाय पुजा त्याच संध्याकाळी धावत आली आणि म्हणाली, "आज्जी, तुझ्या बांगड्या वाजतात!" त्या आनंदात तो शब्द तळाशी जाऊन बसला. आज पत्र आलं आणि तो वर आला.

दत्तक म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिचा नवरा तातेराव हाच मुळी दत्तक आलेला. सेनगावकडच्या एका गरीब घरातला सात वर्षांचा पोरगा कुरुंद्याच्या निपुत्रिक घरात दिला गेला. भरल्या बैठकीत नव्या आईने त्याला मांडीवर घेतलं, लोकांनी साखर खाल्ली, आणि जन्मदात्या घरातून त्याचं नाव गेलं ते कायमचं. जन्म देणारी आई वारली तेव्हा तातेराव पाहुण्यांच्या रांगेत बसला होता. ना खांदा, ना पाणी. त्या दिवशी घरी येऊन तो एवढंच म्हणाला होता, "एकदा मांडीवर दिलं का लेकरू परतून येत न्हाई, मंजुळे."

या माणसाला ती कोणत्या तोंडाने सांगणार, की मी पुजा देऊन बसले?

तिने सांगितलं नाही. भीती एकटीने गिळली, आणि भीती गिळलेल्या माणसाला सरळ सुचत नाही. दुसऱ्याच दिवशी तिने पुजाच्या कानातलं मशीन काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत टाकलं. घेतलेली वस्तू जशीच्या तशी परत केली तर दिलेलं लेकरूही परत मिळेल, असा तिचा हिशेब. पोरीची शाळा बंद केली. पुजा रडली, कानाकडे बोट दाखवत राहिली. "मोडलं, मोडलं ते," आजी हातवारे करून सांगायची आणि तोंड फिरवायची. तातेरावलाही तिने तेच सांगितलं.

अकरा दिवस असे गेले. दारात मोटारसायकल थांबली तरी ती पुजाला आत ओढायची. पुजा अंगणात खेळायला गेली की ती उंबऱ्यात उभी राहायची. हाक मारून उपयोग नव्हता. पोरीला आता हाक ऐकू येत नव्हती, आणि ते आजीनेच केलं होतं. त्यात गावातल्या फोनवर एक खोटा निरोप फिरत होता, पोरं पळवणारी टोळी जीप घेऊन हिंडते म्हणून. ज्याला त्याला तो पुढे पाठवायची घाई.

बाराव्या दिवशी शाळेतून सांगावा आला. आज मार्थाबाई येणार, पुजाला घेऊन या.

तातेराव हळद शिजवायच्या कामावर गेल्यावर मंजुळाबाईने पेटीतलं मशीनचं फडकं कनवटीला लावलं, नातीचा हात मनगटापाशी घट्ट धरला आणि शाळेकडे निघाली. पळून जावं असं दहादा वाटलं. पण कागदावर अंगठा होता. पळणार कुठे?

शाळेसमोर जीप उभी होती. व्हरांड्यात अनिरुद्ध, आशाबाई आणि फोटोतली ती बाई. मार्था पुजाला पाहताच पायरीवर बसली आणि तिने दोन्ही हात पसरले. पुजाला माणसं मुळातच आवडायची. तिने आजीच्या हातातून हात सोडवला आणि ती धावली. अनिरुद्धने फोटो काढायला मोबाईल वर धरला. मार्थाने पोरीला उचललं आणि आपल्या मांडीवर बसवलं.

"मांडीवर घेतलं!" मंजुळाबाई किंचाळली. "अरे धावा हो! माझी पोरगी नेऊन राहिले! नेली, नेली!"

हाक शेजारच्या खळ्यावर पोचली. हळद उकळत ठेवून माणसं धावली. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात काठी. "हीच ती जीप! टोळीची जीप!" कुणीतरी ओरडलं. बघता बघता तीस-चाळीस माणसांनी व्हरांडा घेरला. एक दगड जीपच्या काचेवर आदळला. मार्थाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पुजाला छातीशी घट्ट धरलं, आणि ते पाहून जमाव अजूनच खवळला. सगळ्यांच्या पुढे काठी उगारलेला तातेराव होता.

आणि पुजा? तिला धड काहीच ऐकू येत नव्हतं. तिला फक्त उघडी तोंडं दिसत होती आणि वर उचललेले हात.

"थांबा!" आशाबाई दोन्ही हात पसरून मध्ये उभ्या राहिल्या. "तात्या, आधी मला मारा! मंग बाईला!"

"बाजूला व्हा आशाबाई. नातीला मांडीवर घेतलंय माझ्या."

"मांडीवर घेतल्यानं लेकरू जात असतं तर अंगणवाडीतली समदी पोरं माझी झाली असती! तात्या, तुमचा जमाना गेला. आता मांडीवर न् अंगठ्यावर कोणी लेकरू नेऊ शकत न्हाई. बाल कल्याण समिती बघती, जिल्हाधिकारी हुकूम काढतात. परदेशात द्यायचं असलं तर दिल्लीपर्यंत कागद जातो. आन् ज्याला जीव लावणारं घर हाय, ते लेकरू असं कुठं देतात व्हय?"

"मंग अंगठा कशाचा घेतला?" मंजुळाबाई पुढे आली. तिने कनवटीचं फडकं सोडलं आणि मशीन मार्थापुढे धरलं. "घे बाई तुझं. एक दिवस बी जास्त वापरलं न्हाई. माझी पोरगी दे."

मार्थाला शब्द कळले नाहीत, पण पुढे केलेला हात कळला. तिने हळूच पुजाला खाली उतरवलं आणि आजीकडे दिलं. मशीनला तिने हात लावला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अनिरुद्ध पुढे आला. "काकू, दत्तक पालक म्हणजे... लांबून मदत करणारं माणूस. मशीन, पुस्तकं, दवाखाना. एवढंच. पुजा तुमचीच. त्या दोन दिवसांसाठी फक्त भेटायला आल्यात."

"काकू, येवढं होतं तर तुमी विचारलं काहून न्हाई?" आशाबाई म्हणाल्या.

मंजुळाबाईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुमी सांगितलं काहून न्हाई, आशाबाई? मी अडाणी. तुमी तर शिकलेल्या. करा अंगठा म्हणलात, वाचून कोणी दाखवलं?"

आशाबाईंची मान खाली गेली. पंधरा वर्षांत त्यांनी असे किती अंगठे उठवले होते, त्यांनाच आठवेना. सगळे चांगल्यासाठीच. एकही वाचून न दाखवता!

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "काकू, चूक माझी हाय."

तातेरावने काठी खाली टाकली. "मला दिलं तव्हा मलाबी कोणी विचारलं न्हवतं, सांगितलंबी न्हवतं," तो म्हणाला. "हे आधी कळलं असतं तर आज या बाईवर काठी उगारली नसती." मग तो मार्थापुढे गेला आणि त्याने हात जोडले. मागची माणसं एकेक करून निसटायला लागली. दगड कुणी मारला हे कुणालाच माहीत नव्हतं.

अनिरुद्धने जीपमधून कागद आणला. 'दत्तक पालक' हे शब्द खोडून त्याने वर लिहिलं, 'मदत करणारी व्यक्ती'. मग तो पायरीवर बसला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. मंजुळाबाईने तीनदा थांबवलं. फोटो कुठं लावणार? मदत बंद झाली तर मशीन परत मागणार का? पोरीला कुठं न्यायचं झालं तर आमाला विचारणार का? तिन्ही उत्तरं तिने त्याला कागदावर लिहायला लावली, पुन्हा वाचायला लावली, आणि मगच अंगठा केला.

मग तिने पुजाला पुढ्यात घेतलं, तिची पाठ आपल्याकडे करून मशीन कानात बसवलं, छोटं बटण दाबलं. पोरीचे केस नीट करता करता इतक्या दिवसांचा हुंदका तिच्या तोंडून फुटला. तिने पदर तोंडात कोंबला, पण उशीर झाला होता.

पुजाने मागे वळून न बघताच विचारलं, "आज्जी, तू रडून राहिलीस व्हय?"

वाचकहो, त्या अकरा दिवसांत पुजाला कोणी परक्याने पळवलं नव्हतं. तिचं आवाजाचं जग हिरावलं ते एका न समजलेल्या शब्दाने आणि एका न विचारलेल्या प्रश्नाने. म्हणून कुणाचाही अंगठा घेण्याआधी त्याला सगळा कागद वाचून दाखवा, आणि स्वतः अंगठा देण्याआधी न लाजता विचारा, हे काय लिहिलंय? फोनवर आलेला निरोप पुढे ढकलण्याआधीही हेच विचारा. गरजू लेकराला मदत जरूर करा, जवळून करा, लांबून करा. पण ती त्याच्या घराला समजेल अशा भाषेत करा. कुरुंद्याच्या त्या अंगणवाडीत आता आशाबाई प्रत्येक कागद मोठ्याने वाचतात, आणि शाळेत पुजा पहिल्या ओळीत बसून ऐकते.