धुतल्या तांदळासारखा

ताईने पांढरा पिंजरा त्याच्या तोंडावर उतरवला आणि खटकन बसवला. कानांशी स्पंजचे तुकडे कोंबले, हातात रबरी फुगा दिला.

“गुदमरायला लागलं तर दाब. पलीकडे घंटा वाजेल, मी येईन. आणि डोळ्यांवर कॅमेरा आहे, झोपू नकोस.”

“नाही झोपत.”

“मेला केस कापतानासुद्धा कधी स्थिर बसला नाही,” ती पुटपुटली आणि काचेपलीकडच्या खोलीत गेली.

फळी सरकली आणि तो नळीत गेला. नाकासमोर जेमतेम वीतभर जागा. मान हलवायची सोय नाही.

पार्ट्यांमध्ये नशेच्या गोळ्या घेणाऱ्यांचे मेंदू आणि कधीच न घेतलेल्यांचे मेंदू, असा ताईच्या सरांचा अभ्यास होता. न घेतलेल्यांपैकी एक तरुण आयत्या वेळी आलाच नाही, आणि एमआरआय मशीन चालवणारी ताई बोलून बसली, “माझा भाऊ आहे की. धुतल्या तांदळासारखा.” सर म्हणाले, मग त्याची लघवी कशाला तपासायची, घरचाच माणूस. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिचा शब्द खाली पाडायची त्याची छाती झाली नाही. दर शनिवारी मित्राच्या गच्चीवर गोळी घेतो, हे सांगायला तर त्याहून मोठी छाती लागली असती. सोडतो सोडतो म्हणता वर्ष गेलं होतं.

ठोके सुरू झाले, पत्र्यावर हातोडे घालावेत तसे. डोळ्यांवरच्या आरशात चित्रं येऊ लागली. किटली. बूट. मग तळहातावर गुलाबी गोळ्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. सरळ माणूस असलं काही बघणार नाही, असं त्याला वाटलं आणि त्याने डोळे गच्च मिटले. जरा वेळाने किलकिले केले. छत्री होती, मग उघडे ठेवले. पुन्हा गोळ्या आल्या, पुन्हा मिटले. शेवटपर्यंत त्याने हे इमानेइतबारे केलं.

फळी बाहेर आली. ताई शेजारी येऊन उभी राहिली. पिंजरा मात्र तिने काढला नाही.

“चांगलं आलं ना गं?”

“काल एक मास्तर आले होते, न घेतलेल्यांपैकीच,” ती म्हणाली. “गोळ्या दिसल्या की डोळे फाडून बघायचे. बाहेर आल्यावर मलाच विचारतात, ही कसली औषधं हो?”

“मग?”

“मग काही नाही. ज्यांना ठाऊक नसतं, ते सगळे तसेच बघतात.”

ती त्याच्या कानाजवळचा स्पंज उगाच नीट करत राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सरांना काय सांगू?” तिने हळूच विचारलं.

आता वर उंच छत होतं, हवा मोकळी होती. त्याने फुगा दाबला.

पलीकडे घंटा वाजू लागली. काचेआड बसलेल्या सरांनी मान वर केली.

“आहे मी इथेच,” ताई म्हणाली. पिंजऱ्याच्या खटक्यावर तिचा हात होता, पण खटका तिने अजून उघडला नव्हता. “बोल.”