माळखोऱ्याची डोली

मी एक डोली. नवरीची सजवलेली नव्हे, आजाऱ्यांना डोंगरावरून खाली आणणारी. एक सागवानी खुर्ची, तिला दोन्ही बाजूंनी बांधलेले लांब बांबू आणि ते पेलणारे चार खांदे, एवढाच माझा थाट. आज मी छत्रपती संभाजीनगरात, छावणीतल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांशेजारी पडून आहे. लई थकले आहे. तरी दोन माणसांचं सांगते, कारण त्यांना इतक्या जवळून पाहिलेलं आता दुसरं कुणी उरलं नाही.

कन्नडच्या डोंगरात माळखोरा नावाची वस्ती आहे. तीस-पस्तीस घरं, त्यातली निम्मी ख्रिस्ती. तिथल्या मिशनच्या दवाखान्यातली मडमबाई पायानं अधू झाली, म्हणून कन्नडच्या सुतारानं मला घडवलं. मडमबाई वर्षभरात मायदेशी गेली. मी मागं राहिले. प्रार्थनामंदिराच्या ओसरीत मला दोरानं टांगून ठेवत. बाळंतपणात अडलेली बाई, पान लागलेला, म्हणजे साप चावलेला गुराखी, तापानं फणफणलेलं लेकरू, कुणी ना कुणी असायचंच. चार कोस खाली पक्की सडक होती, तिथून लॉरी मिळे.

माझ्या खांदेकऱ्यांत कडुबा नावाचा एक मेंढपाळ होता, ख्रिस्ती नसलेल्या घरातला. बोलणं कमी, चाल संथ. तो पुढं असला की आजाऱ्याला धक्का बसत नसे. बाजूनं चालायची सलोमी, पाळक मोतीराम यांची लेक. नर्सिंग शिकून ती गावी परतली होती. एक हात आजाऱ्याच्या नाडीवर, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. खांदेकऱ्यांचे हात दांड्याला गुंतलेले, म्हणून पाणी तीच पाजायची. कडुबाला पाजताना तिचा हात जरा जास्त वेळ थांबायचा. हे आधी माझ्या लक्षात आलं, मग गावाच्या.

पाळकबाबांनी लेकीसाठी जालन्याचा एक मास्तर पाहून ठेवला होता. सलोमीनं सरळ नाही म्हटलं. बापलेकीचं बोलणं बंद झालं.

निजामाचं राज्य जाऊन दोन पावसाळे झाले होते. श्रावणात पाळकबाबांच्या पोटात अशी कळ उठली की ते जमिनीवर लोळू लागले. सलोमीनं पोट चाचपलं आणि म्हणाली, "आत्ताच खाली न्यावं लागंल." वाट चिखलानं निसरडी झालेली. तीन गडी कसेबसे तयार झाले. चौथा कडुबा, न बोलावता आला.

अर्ध्या वाटेवर मला टेकवलं. सलोमी ओढ्यावर पाणी आणायला गेली, बाकीचे तंबाखू मळत दूर बसले. पाळकबाबांनी डोळे उघडले.

"कडुबा, मी वाचतो का नाय, ठाऊक नाय. तू बाप्तिस्मा घे. पोरगी तुला देतो."

कडुबा चिखलानं भरलेले पाय पुसत होता.

"नाय, बाबा."

"का? तुला ती नको?"

"हवी हाय. म्हणूनच नाय. बायकोसाठी तुमच्या देवाला हो म्हणलं, तर त्यालाबी फसवलं आन् तिलाबी. मला अजून त्याची वळख नाय."

पाळकबाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, रागावले. पण त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, आणि ते पावसाचं नव्हतं.

ते वाचले. गावी परतल्यावर त्यांनी ते सगळं लेकीला सांगितलं आणि जालन्याला नकार कळवला. कडुबाला मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. सलोमीनंही नाही. तिनं त्याला फक्त वाचायला शिकवलं, माझ्याच सावलीत, ओसरीवर. पुढं तो एकटाच शुभवर्तमान घेऊन बसायचा, एकेक शब्द बोटानं धरत. अशी सात वर्षं गेली. तिच्या बरोबरीच्या मुलींची लेकरं शाळेत जाऊ लागली. सलोमीच्या केसांत पांढरी बट दिसू लागली. वाट पाहणं म्हणजे काय, ते मी टांगल्या जागेवरून पाहिलं. फार सुंदर नसतं ते. कधी कधी ती ओसरीत येऊन नुसती भिंतीला टेकायची.

पाळकबाबा वारले. त्याला वर्ष होऊन गेल्यावर एका रविवारी कडुबा प्रार्थनामंदिरात जाऊन उभा राहिला. नव्या पाळकांनी विचारलं, "कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाय. मी आपला आलो."

बाप्तिस्मा झाला. महिना गेला तरी गडी तिच्याकडं फिरकला नाही. शेवटी सलोमीच त्याला ओसरीत गाठून म्हणाली, "आता काय राह्यलंय?"

"मला तुझी भीती वाटती," तो म्हणाला. ती हसता हसता रडू लागली.

लग्नात लोकांनी मला झेंडूनं मढवलं. सलोमी बसेना. "मी काय आजारी हाय?" म्हणून नवऱ्याबरोबर चालत गेली. मी मोकळीच मागून निघाले.

तीस-बत्तीस वर्षं त्यांनी संसार केला. मूल झालं नाही, पण गावातली निम्मी लेकरं तिच्याच हातावर जन्मली. मग तिचंच काळीज दुखू लागलं. सडक तेव्हाही वर आली नव्हती. कडुबा सत्तरीला टेकलेला, तरी पुढचा दांडा कुणाला देईना. घाटात ती म्हणाली, "आवं, टेकवा जरा. दमला असाल."

त्यानं टेकवलं. त्या दिवशी तांब्या त्याच्या हातात होता. दोन घोट घेऊन तिनं मान माझ्या पाठीला टेकवली, ती पुन्हा उचलली नाही.

बाकीच्या खांदेकरी पोरांनी विचारलं, "बाबा, आता खाली जायचं का?"

"वर चला," तो म्हणाला. "तिचं घर वर हाय."

चढावर एकानं त्याला बाजूला करायला पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. दीड वर्षानं तोही गेला.

त्यानंतर रस्ता झाला, जीप आली, आणि मला इथं आणून ठेवलं. परवा या चर्चच्या मंडळीतला विश्वजीत आणि त्याचे मित्र माझी धूळ झटकत होते. वर्धापनदिनाला मला सोनेरी रंग द्यायचा आणि व्यासपीठावर माझ्यात कुणालातरी बसवून मिरवायचं, असा त्यांचा बेत आहे. पोरं चांगली आहेत. पण पोरांनो, माझे पाय आतून वाळवीनं खाल्लेत. इतक्या वर्षांत मी कुणाला पाडलं नाही. हवं तर जळणाला द्या, नाहीतर इथंच राहू द्या. पण आता माझ्यावर कुणाला बसवू नका.